नवख्याच्या हाती चाळीस घोडे

रस्त्याच्या कडेला नवी मोटारसायकल उभी दिसली की तिच्याभोवती चार मुले हटकून जमतात आणि दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "किती सीसीची आहे?" आणि दुसरा, "किती पळते?" तिसरा एक प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो : "नुकत्याच शिकलेल्या माणसाला ही गाडी सांभाळून घेईल का?" खरे पाहता तिन्ही प्रश्नांत महत्त्वाचा हाच आहे. गंमत अशी की, त्याचे उत्तर सीसीच्या आकड्यात सापडत नाही. ते शोधण्यासाठी बल, घर्षण, गुरुत्वमध्य आणि गतिज ऊर्जा यांच्याकडे वळावे लागते. म्हणजे तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाकडेच!

उदाहरणासाठी एक खरी गाडी घेऊ. ट्रायम्फ ही इंग्लंडमधील जुनी कंपनी. तिची पहिली मोटारसायकल १९०२ साली तयार झाली. या कंपनीने २०२० साली पुण्याच्या बजाज ऑटोशी भागीदारीचा करार केला आणि त्यातून २०२३ साली 'स्पीड ४००' ही मोटारसायकल बाहेर पडली. नाव इंग्लंडचे, पण बांधणी आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. जुलै २०२३ मध्ये ती भारतात आली तेव्हा पहिल्या दहा हजार ग्राहकांसाठी तिची किंमत २ लाख २३ हजार रुपये आणि नंतरच्यांसाठी २ लाख ३३ हजार रुपये ठेवली होती. ही रक्कम काही लहान नव्हे. परंतु तोपर्यंत ट्रायम्फची कोणतीही नवी गाडी आपल्याकडे याच्या दुप्पट पैशांतही मिळत नव्हती. त्या मानाने ती स्वस्तच म्हणायची.

कुस्तीत जसे वजनाचे गट असतात तसेच मोटारसायकलींचेही आहेत. १०० ते १५० सीसीच्या गाड्या हलक्या गटात, तर १००० सीसीच्या आसपासच्या जड गटात मोडतात. मधला गट कोणता, हे देशागणिक बदलते. युरोपात ६०० ते ८०० सीसीला मधला गट म्हणतात; आपल्या रस्त्यांवर ३५० ते ५०० सीसीच्या गाड्यांना तो मान मिळतो. शहरात, घाटात आणि महामार्गावर, तिन्ही ठिकाणी चालावी, अशी या गटातील गाडीकडून अपेक्षा असते. 'स्पीड ४००' ही अशीच एक गाडी आहे. आता तिचे एकेक अंग भौतिकशास्त्राच्या नजरेतून तपासू.

अंगावर झूल नाही

शर्यतीच्या मोटारसायकलीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे कवच असते. हवा सहज कापली जावी हा त्याचा हेतू. ज्या गाडीला असे कवच नसते तिला इंग्रजीत 'नेकेड' म्हणजे उघडी म्हणतात. पोळ्याच्या बैलावरची झूल काढली म्हणजे त्याचे अंग जसे स्पष्ट दिसते, तसे या गाडीचे इंजिन आणि सांगाडा डोळ्यांना दिसतो. पूर्वी बहुतेक सगळ्याच मोटारसायकली अशा असत, त्यामुळे त्यांना वेगळे नाव देण्याची गरजच नव्हती. १९८० नंतर कवचाच्या गाड्यांची चलती झाली, आणि मग बिनकवचाच्या गाड्यांना हे नाव चिकटले.

नवख्याला या उघड्या गाडीचे तीन फायदे होतात. पहिला फायदा खिशाचा. गाडी उभ्या उभ्या कलंडली तरी फुटायला महागडे प्लॅस्टिक नसते. दुसरा फायदा बसण्याचा. स्वार जवळजवळ ताठ बसतो, मान न दुखता दूरवर पाहू शकतो, आणि हँडल रुंद असल्यामुळे तरफेच्या नियमाप्रमाणे थोड्या बलाने गाडी वळते.

तिसरा फायदा विचित्र वाटेल, पण तो खरा आहे : वारा अंगावर येतो! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या स्वारासह अशा गाडीला ताशी ६० कि.मी. वेगाने साधारण १०० न्यूटन, म्हणजे दहा किलो वजनाइतका विरोध होतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२० केला की हाच विरोध चौपट, म्हणजे चाळीस किलो वजनाइतका होतो. त्यातला बराचसा स्वाराच्या छातीवर आदळतो. कवचामागे वाकून बसलेल्याला आपण किती वेगात आहोत हे केवळ काट्यावरून कळते. उघड्या गाडीवर मात्र वारा ते स्वतः सांगतो, आणि सांगताना आवाज चढवीत जातो.

चाळीस घोड्यांचे काम काय?

स्पीड ४०० च्या इंजिनात एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास ८९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६४ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले धाव असा गुणाकार तुम्ही स्वतः करून पाहा. उत्तर ३९८ घन सेंटीमीटर येईल. हेच ते 'सीसी'. सीसी म्हणजे शक्ती नव्हे. दट्ट्या एका धावेत किती जागा मोकळी करतो, एवढेच तो आकडा सांगतो.

शक्तीचा आकडा वेगळा. हे इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेत असताना ४० अश्वशक्ती देते. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याचा दर. तेव्हा ४० अश्वशक्ती म्हणजे तीन टन वजन सेकंदाला एक मीटर उचलणे! वॅटच्या भाषेत हे सुमारे २९,४०० वॅट होतात.

आता एक हिशेब करू. सपाट रस्त्यावर ताशी ६० कि.मी. या स्थिर वेगाने जाण्यासाठी किती शक्ती लागते? हवेचा विरोध सुमारे १०० न्यूटन आणि टायरच्या लोळण्यातला विरोध सुमारे ५० न्यूटन, मिळून १५० न्यूटन. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून १५० × १६.७ = सुमारे २५०० वॅट. म्हणजे केवळ साडेतीन अश्वशक्ती!

मग उरलेले साडेछत्तीस घोडे कशासाठी? घाट चढण्यासाठी, मागे माणूस बसवून नेण्यासाठी, मालमोटारीला चटकन ओलांडण्यासाठी. पण लक्षात ठेवा, हे घोडे नेहमीच जुंपलेले असतात आणि त्यांचा लगाम उजव्या मनगटात असतो. १०० सीसीच्या नेहमीच्या गाडीची शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ११० किलो. त्यावर ६५ किलोचा स्वार धरला तर किलोमागे साधारण ३४ वॅट येतात. स्पीड ४०० चे वजन बाजारात आली तेव्हा १७६ किलो होते. तोच स्वार धरला तर किलोमागे १२२ वॅट, म्हणजे साडेतीनपट. नवख्यांसाठी योग्य म्हटली जाणारी ही गाडी काही खेळणे नाही, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते. मग तिला योग्य का म्हणतात?

सायकलस्वाराचा पाय आणि इंजिन

याचे पहिले उत्तर आहे टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर : बल गुणिले आसापासूनचे अंतर. स्पीड ४०० चे इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर ३७.५ न्यूटन-मीटर इतका जास्तीत जास्त टॉर्क देते. हा आकडा मोठा वाटतो का? आता ६० किलो वजनाचा माणूस सायकलच्या एका पायडलवर उभा राहिला अशी कल्पना करा. पायडलचा दांडा सुमारे १७ सेंटीमीटर लांब. दांडा आडवा असताना त्या क्षणी टॉर्क होतो ६० × ९.८ × ०.१७ = १०० न्यूटन-मीटर. म्हणजे इंजिनाच्या अडीचपटीहून जास्त!

मग सायकल मोटारसायकलीला मागे का टाकत नाही? कारण सायकलस्वाराचे पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेतात आणि इंजिन घेते ६५००. शक्ती ठरते ती टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग या दोघांच्या गुणाकारावरून. ६५०० फेऱ्यांचे कोनीय वेगात रूपांतर केले तर सेकंदाला ६८१ रेडियन येतात. ३७.५ × ६८१ = सुमारे २५,५०० वॅट. गिअर मग फेरे कमी करून त्याच प्रमाणात टॉर्क वाढवतात आणि तो मागच्या चाकाला पोचवतात.

आता खरी मेख पाहा. ८००० फेऱ्यांवर शक्ती २९,४०० वॅट आहे आणि कोनीय वेग ८३८ आहे. भागाकार केला तर टॉर्क ३५ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे ६५०० पासून ८००० फेऱ्यांपर्यंत टॉर्क जेमतेम अडीच न्यूटन-मीटरने उतरला. आलेख काढला तर त्याचा माथा सह्याद्रीतल्या सुळक्यासारखा नसून पठारासारखा दिसेल.

पठार आणि सुळका यांतला फरक नवख्याला फार महत्त्वाचा. १९८३ साली आपल्याकडे राजदूत ३५० ही गाडी आली होती. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सुमारे ३० अश्वशक्ती. अशा वेगवान टू-स्ट्रोक इंजिनांचा स्वभाव म्हणजे कमी फेऱ्यांना ती सुस्त असत आणि ठरावीक फेरे ओलांडताच एकदम उसळी मारत. मुरलेल्या स्वाराला त्यात मजा वाटे; नवख्याच्या हातून मात्र गाडी निसटल्यासारखी होई. शक्ती किती, याइतकाच ती कशी येते, हा प्रश्न मोठा आहे. मनगट थोडे फिरवले तर थोडे बळ, जास्त फिरवले तर जास्त बळ, असे प्रमाण राखणारे यंत्र माणूस लवकर शिकतो. स्पीड ४०० मध्ये तर मनगट आणि इंजिन यांच्यामध्ये तारही नाही. हँडल किती फिरले हे संवेदक मोजतो, आणि त्याप्रमाणे एक छोटी विद्युत मोटर हवेची झडप उघडते. मागचे चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागले, म्हणजे ते घसरते आहे, असे ओळखून गाडी स्वतःच इंजिनाचा जोर कमी करते.

एकच सिलिंडर ठेवण्यामागे स्वस्ताईचे गणित आहे : एक दट्ट्या, एक नळकांडे, चारच झडपा. पण स्वस्ताईची किंमत थरथरीत मोजावी लागते. ८००० फेऱ्यांना दट्ट्या सेकंदाला २६७ वेळा थांबून उलट दिशेला निघतो. त्या टोकांशी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोन हजार पटींहून अधिक असते! हे हादरे हातापायांना झोंबू नयेत म्हणून अशा इंजिनात उलट दिशेला फिरणारा तोलाचा दांडा बसवतात. दट्ट्या वर झेपावतो तेव्हा दांड्यावरचे वजन खाली झेपावते आणि थरथर बरीचशी शमते.

उभी गाडी का पडते?

नवशिक्यांच्या हातून गाडी पडते ती बहुधा वेगात नव्हे, तर सिग्नलपाशी किंवा घराच्या फाटकात वळवताना. याचे कारण गुरुत्वमध्य.

समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे आणि हँडल एक मीटरवर आहे. गाडी सरळ उभी असताना तिचे सगळे वजन चाकांवरून जमिनीत जाते. हातांवर भार शून्य. ती ५ अंशांनी कलली तर तोल राखायला हँडलपाशी सुमारे ८ किलो वजनाइतके बल लागते. १० अंशांना १५ किलो. ३० अंशांना ४४ किलो! कोनाच्या ज्येच्या प्रमाणात हे बल वाढत जाते. म्हणून पहिल्या पाच-दहा अंशांतच जो गाडी सावरतो तो वाचतो. उशीर झाला की पैलवानालाही ती आवरत नाही.

यासाठी दोन्ही पाय जमिनीला नीट टेकणे आवश्यक असते. या गाडीची बैठक जमिनीपासून ७९० मिलिमीटरवर आहे. मध्यम उंचीच्या माणसाचे पाय तेथून जमिनीला पोचतात. दुकानात गाडी पाहायला गेलेल्याने वेगाचा काटा पाहण्याआधी पाय टेकवून पाहावेत, ते याकरिता.

तळहाताएवढे रबर

आता सर्वांत गंभीर भागाकडे येऊ. गाडी कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध दोनच ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग जमिनीला टेकलेला असतो. वेग वाढवणे, थांबणे, वळणे, हे सारे या दोन तळहातांच्या घर्षणावर चालते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षण गुणांक ०.७ धरू, ओल्या रस्त्यावर ०.४ धरू. वाळू, शेण किंवा सांडलेले तेल असेल तर तो याहूनही बराच कमी होतो.

गाडी थांबवणे म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती किती, हे समजण्यासाठी तेवढीच ऊर्जा मिळवायला किती उंचीवरून पडावे लागेल ते पाहू. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावरचा हिशेब असा :

ताशी ३० कि.मी. : पडण्याची उंची ३.५ मीटर; विचारात गेलेले अंतर ८ मीटर + ब्रेकचे अंतर ५ मीटर = १३ मीटर.

ताशी ६० कि.मी. : पडण्याची उंची १४ मीटर; १७ मीटर + २० मीटर = ३७ मीटर.

ताशी ९० कि.मी. : पडण्याची उंची ३२ मीटर; २५ मीटर + ४६ मीटर = ७१ मीटर.

ताशी ३० ला पडणे म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणे, आणि ताशी ९० ला पडणे म्हणजे दहाव्या मजल्यावरून. वेग तिप्पट, पण ब्रेकचे अंतर नऊपट. पावसात ताशी ६० वेगाला ब्रेकचे अंतर २० ऐवजी ३५ मीटर होते. या सूत्रात गाडीचे वस्तुमान कोठेही येत नाही, हे ध्यानात घ्या. महागड्या गाडीच्या मालकालाही निसर्ग सूट देत नाही.

ब्रेक दाबताच आणखी एक गोष्ट घडते. जडत्वामुळे स्वार आणि गाडी पुढे झुकतात आणि वजन पुढच्या चाकावर येते. किती? स्वारासह वस्तुमान २४० किलो, मिळून गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर आणि दोन चाकांच्या आसांतले अंतर १.३८ मीटर धरले, तर जोरदार ब्रेक दाबल्यावर सुमारे ७३ किलो भार मागून पुढे सरकतो. आधी दोन्ही चाकांवर १२०-१२० किलो असेल तर ब्रेक लावताना पुढे १९३ आणि मागे ४७ किलो होतो. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, म्हणून थांबवण्याचे चार पंचमांश काम पुढचे चाक करते. यासाठीच पुढची ब्रेकची चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, मोठी असते आणि मागची लहान.

नवखे मात्र पुढच्या ब्रेकला भितात. "पुढचा दाबला की गाडी उलटते" अशी समजूत असते. केवळ मागचा ब्रेक दाबला तर चाकावर भार उरलेला नसल्याने ते लगेच जखडते आणि गाडी फरफटत जाते. पुढचा ब्रेक भीतीने एकदम आवळला तरी चाक जखडू शकते. फिरत्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो, त्यामुळे त्याला स्थितिक घर्षण मिळते. जखडलेले चाक घासत जाते आणि त्याला कमी असलेले गतिक घर्षण मिळते. शिवाय पुढचे जखडले की गाडी वळवता येत नाही आणि तोलही जातो.

यावर उपाय म्हणून एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारी यंत्रणा आली. चाकाबरोबर फिरणाऱ्या खाचांच्या कड्यावरून संवेदक चाकाचा वेग मोजत राहतो. चाक एकाएकी मंदावले की ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर सोडला जातो आणि पुन्हा धरला जातो. हे सेकंदात अनेकदा घडते. भारतात १२५ सीसीवरील नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून, तर विक्रीत असलेल्या जुन्या मॉडेलांना एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा सक्तीची झाली. तरीही एक गोष्ट विसरू नका : एबीएस घर्षण निर्माण करीत नाही. उपलब्ध घर्षण वाया जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम.

वळणाचा कोन

वळताना गाडी आत का झुकवावी लागते? वर्तुळाकार मार्गावर जाण्यासाठी केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते आणि ते टायरच्या घर्षणातून मिळते. हे बल जमिनीपाशी लागते, तर गुरुत्वमध्य वर असतो. गाडी सरळ ठेवली तर ती बाहेरच्या बाजूला उलटेल. म्हणून ती नेमक्या कोनात आत झुकवावी लागते. त्या कोनाची स्पर्शज्या बरोबर वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या × गुरुत्वत्वरण).

२० मीटर त्रिज्येचे घाटातले वळण घ्या. ताशी ४० वेगाला कोन येतो ३२ अंश. घर्षण गुणांक ०.७ असेल तर जास्तीत जास्त ३५ अंशांपर्यंत झुकता येते, आणि ती मर्यादा ताशी ४२ कि.मी. वेगालाच गाठली जाते! ४० ला सुरक्षित वाटणारे वळण ४५ ला अशक्य होते. पावसात हीच मर्यादा ताशी ३२ वर येते. वळणात असताना ब्रेक दाबला तर तेच घर्षण दोन कामांत वाटले जाते. म्हणून अनुभवी स्वार वळणाच्या आधी वेग कमी करतात, वळणात नाही. घाईघाईने खालच्या गिअरमध्ये आल्यास मागचे चाक झटका खाऊन घसरू नये, यासाठी स्पीड ४०० च्या क्लचमध्ये थोडे सरकण्याची सोय केलेली आहे. पण वेगाचा अंदाज बांधण्याचे काम क्लच करीत नाही.

दुचाकी सरळ जाण्यामागेही एक युक्ती आहे. पुढचा फोर्क तिरपा असतो. त्याच्या फिरण्याच्या आसाची रेषा खाली वाढवली, तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या पुढे जमिनीला मिळते. या गाडीत हे अंतर सुमारे १० सेंटीमीटर आहे. दवाखान्यातल्या चाकांच्या खाटेची चाके जशी ढकलताच आपोआप मागे वळून सरळ होतात, तसेच हे चाक आसाच्या मागे चालते आणि सरळ राहू पाहते. हे अंतर फार ठेवले तर गाडी स्थिर पण वळायला आळशी होते. फार कमी ठेवले तर चपळ पण बुजरी होते. मधल्या गटाची गाडी येथेही मध्यम मार्ग धरते.

सायकलवर हे करून पाहा. सपाट जागी सायकल केवळ बैठकीला धरून उभी करा आणि हळूच डावीकडे कलवा. हँडलला हात न लावता पुढचे चाक डावीकडेच वळेल. जणू पडणाऱ्या बाजूला धावून ते सायकलीला सावरू पाहते! हे सावरणे फोर्कच्या तिरपेपणामुळे आणि फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे होते, असे पुष्कळ वर्षे शिकवले जाई. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली एक छोटी चाचणी-सायकल बनवली, आणि तीही स्वतःचा तोल राखत चालली! वस्तुमानाची मांडणीही तोल सावरू शकते, हे त्यातून दिसून आले. शंभराहून अधिक वर्षे जुन्या यंत्रातही अजून शोधण्यासारखे उरले आहे.

पायरी कोणी घालायची?

युरोपात जानेवारी २०१३ पासून मोटारसायकलीच्या परवान्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. मधल्या पायरीच्या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतच आणि किलोमागे ०.२ किलोवॅटपर्यंतच शक्तीची गाडी चालवता येते. स्पीड ४०० ची शक्ती २९.४ किलोवॅट, वजनाने भागल्यास किलोमागे सुमारे ०.१७. म्हणजे ती या पायरीत नेमकी बसते. येथे कायदा सीसी विचारत नाही. तो शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर विचारतो.

आपल्याकडे अशी पायरी नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला की १०० सीसीची गाडीही चालते आणि १००० सीसीचीही. म्हणून ही पायरी स्वाराने स्वतःच घालून घ्यायची असते. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वय १८ पूर्ण लागते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. धाकट्या भावाने हट्ट केला म्हणून किल्ली देणारा दादा प्रेमापोटी काय देतो आहे, हे वरच्या कोष्टकातील उंचीचे आकडे सांगतील.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती दोन-चार वर्षांत अशी गाडी येईल. तोपर्यंत सायकल आहेच; तिला ब्रेक आहेत, वळणे आहेत, आणि तिच्यावरही घर्षणाचे तेच नियम चालतात. त्यावर हात बसवा. आणि पुढे कधी गाडीभोवती मुले जमली, तर तो तिसरा प्रश्न तुम्ही विचारा.

सोडवून पाहा

१. ताशी ४५ कि.मी. वेगाला कोरड्या रस्त्यावर (गुणांक ०.७) थांबण्याचे एकूण अंतर किती? विचाराला एक सेकंद धरा.

२. हवेचा विरोध ताशी ६० ला १०० न्यूटन असेल तर केवळ हवेशी झुंजण्यासाठी ताशी १२० ला किती वॅट लागतील? ताशी ६० च्या किती पट?

३. एखाद्याचे डोके १.६ मीटर उंचीवरून जमिनीवर आदळले. हेल्मेटच्या आतील थर २.५ सेंटीमीटर दबला, तर डोक्याचे सरासरी ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट? हेल्मेट नसताना हेच अंतर ३ मिलिमीटर धरले तर किती पट?

(उत्तरे : १. सुमारे २४ मीटर. २. सुमारे १३,३०० वॅट; आठपट. ३. ६४ पट, सुमारे ५३० पट.)